बाहेरून शिकणाऱ्यांना विद्यापीठाने आत घेतलं, तेव्हा कुलगुरूंच्या खुर्चीत सी. डी. देशमुख होते

तुमच्या ओळखीत असा एक तरी माणूस असतोच, ज्याने डिग्री बाहेरून केलेली असते. दिवसभर बुटीबोरीच्या कंपनीत शिफ्ट करून रात्री पुस्तक उघडणारा मित्र असेल, लग्नानंतर राहिलेलं बी.ए. पूर्ण करणारी वहिनी असेल, नाहीतर गडचिरोलीत ड्युटीवर असताना सुट्टी टाकून नागपूरला पेपर द्यायला येणारा पोलीस शिपाई असेल.

या लोकांना आयुष्यभर एक प्रश्न चिकटतो. डिग्री रेग्युलर आहे की बाहेरून? मुलाखतीत विचारतात, लग्नाच्या बोलणीत विचारतात. विचारणाऱ्याचा सूर असा असतो, की बाहेरून म्हणजे थोडी कमी. कॉलेजला जायला जमलं नाही म्हणून दिलेली सवलत.

पण भारतात विद्यापीठाने पत्राने शिकवायला सुरुवात केली, तेव्हा ती काही आडबाजूला, गुपचूप केली नव्हती. ती झाली राजधानीतल्या दिल्ली विद्यापीठात, १९६२ साली. त्या वेळी तिथे कुलगुरू होता एक मराठी माणूस. मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला, आयसीएसच्या परीक्षेत पहिला, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर, देशाचा माजी अर्थमंत्री.

चिंतामण द्वारकानाथ देशमुख, म्हणजेच सी. डी. देशमुख.

रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी राजीनामा फेकणारे मंत्री म्हणून ते आपल्याला माहीत असतात. पण नोकरीची पहिली जवळपास दोन दशकं त्यांनी आपल्या नागपूर-रायपूरच्या मुलखात काढली आणि पुढे देशातल्या विद्यापीठांची सूत्रं हातात घेतली, हा भाग सहसा मागे राहतो. आज तोच भाग बघू.

रोह्याचा मुलगा, केंब्रिजचा पदवीधर

देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा. आजच्या रायगड जिल्ह्यात, महाडजवळचं नाते हे त्यांचं जन्मगाव. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख वकील होते, आई भागीरथीबाई. शाळेची सुरुवातीची वर्षं रोह्यात गेली, मग मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूल.

१९१२ साली ते मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले. संस्कृतसाठी मिळणारी मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच पटकावली. तेव्हाच्या मुंबई विद्यापीठाचा पसारा प्रचंड होता. सिंधपासून कर्नाटकापर्यंतची मुलं एकाच मॅट्रिकला बसायची. त्यात पहिलं येणं म्हणजे काय, याचा अंदाज करा.

एल्फिन्स्टन कॉलेजनंतर १९१५ साली ते इंग्लंडला गेले. केंब्रिजच्या जीझस कॉलेजमधून १९१७ मध्ये निसर्गविज्ञानाची पदवी घेतली आणि वनस्पतिशास्त्रातलं फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवलं. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये आयसीएसची परीक्षा झाली. तिथेही पहिला नंबर देशमुखांचाच.

थोडक्यात, शिक्षणाच्या बाबतीत त्यांना सगळं वेळेवर आणि उत्तम मिळालं. चांगली शाळा, चांगलं कॉलेज, शिष्यवृत्ती, परदेश. बाहेरून परीक्षा द्यायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही.

पण ज्यांच्यावर ती वेळ यायची, तो समाज त्यांना लवकरच जवळून बघायला मिळाला.

मध्यप्रांत आणि वऱ्हाड

आयसीएस झालेल्या देशमुखांना प्रांत मिळाला मध्यप्रांत आणि वऱ्हाड. राजधानी नागपूर.

हा प्रांत आज डोळ्यांसमोर आणायला नकाशाच काढावा लागतो. इकडे बुलढाणा, अकोला, यवतमाळ, तिकडे जबलपूर, सागर, निमाड आणि पूर्वेला रायपूर, बिलासपूर. मराठी आणि हिंदी दोन्ही भाषा. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला दिवसच्या दिवस लागायचे.

देशमुखांनी इथे सगळ्या पायऱ्या केल्या. जिल्ह्याचे डेप्युटी कमिशनर झाले, सचिवालयात अवर सचिव झाले. रायपूरला जमाबंदी अधिकारी म्हणून काम केलं. जमाबंदीचं काम कचेरीत बसून होत नाही. गावोगाव मुक्काम टाकायचा, जमिनीचा कस बघायचा, कोण किती पिकवतो, कुणाच्या डोक्यावर किती कर्ज आहे ते समजून घ्यायचं आणि मग सारा ठरवायचा. पुढे प्रांताच्या महसूल आणि अर्थखात्याचे सचिव म्हणून ते नागपूरच्या सचिवालयात बसले. १९३१ साली लंडनच्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही त्यांनी काम केलं.

आता याच काळात या भागात उच्च शिक्षणाची काय अवस्था होती ते बघा.

नागपूर विद्यापीठाची स्थापना झाली ४ ऑगस्ट १९२३ ला. त्याच्या आधी नागपुरात कॉलेजं होती. हिस्लॉप कॉलेज १८८३ पासून, मॉरिस कॉलेज १८८५ पासून. पण ही कॉलेजं आधी कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाशी जोडलेली होती. म्हणजे सीताबर्डीच्या पोराचा अभ्यासक्रम शेकडो किलोमीटर लांब ठरायचा आणि डिग्रीवर शिक्का तिथलाच बसायचा. विद्यापीठ लांब असणं ही इथल्या लोकांसाठी नवी गोष्ट नव्हतीच.

नागपूरला विद्यापीठ झालं, तरी कॉलेजं होती मोजक्या शहरांत. खेड्यातल्या मुलाला शिकायचं तर शहरात खोली, खानावळ आणि चार वर्षं घरी पैसे न पाठवता राहण्याची ऐपत लागायची. मुलींचं तर विचारूच नका. ज्यांना हे जमायचं नाही त्यांच्यापुढे एकच फट होती. काही विद्यापीठं शाळामास्तर, महिला अशा ठरावीक लोकांना खासगी परीक्षार्थी म्हणून बसू द्यायची. फॉर्म भरा, फी भरा, परीक्षेला या. शिकायचं कसं, कुणाकडून, कुठल्या पुस्तकातून, हे तुमचं तुम्ही बघा.

बाहेरून शिकणं हा शब्द आला तो इथून. विद्यापीठ परीक्षा घ्यायचं, पण शिकवायचं नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे सगळी गोष्ट याच्याभोवती फिरते.

गव्हर्नर, मंत्री आणि राजीनामा

१९३९ मध्ये देशमुख रिझर्व्ह बँकेत गेले. १९४१ ला डेप्युटी गव्हर्नर आणि ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नर. त्या खुर्चीत बसणारे ते पहिले भारतीय. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत भारताच्या प्रतिनिधी मंडळात ते होते, जिथून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक जन्माला आल्या. फाळणीत रिझर्व्ह बँकेच्या मालमत्तेची वाटणी, १ जानेवारी १९४९ ला बँकेचं राष्ट्रीयीकरण, हे सगळं त्यांच्याच कारकिर्दीत झालं.

१९५० साली नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केलं. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते आपल्या कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर गेले.

मग आलं १९५६. राज्य पुनर्रचनेत मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करण्याचा घाट घातला गेला. देशमुखांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. हा किस्सा महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि ज्या नागपूरच्या सचिवालयात देशमुखांनी उमेदीची वर्षं काढली, ते नागपूर राजधानी राहिलं नाही.

राजीनाम्यानंतर साठीला टेकलेले देशमुख आता काय करणार?

पण ते सांगण्याआधी एका बाईंची गोष्ट सांगायला हवी. बाहेरून शिकण्याचा अर्थ देशमुखांना घरातच कळला असेल, तर तो त्यांच्यामुळे.

दुर्गाबाई

देशमुखांच्या पहिल्या पत्नी रोझिना इंग्लिश होत्या. १९४९ मध्ये त्यांचं निधन झालं. २२ जानेवारी १९५३ ला देशमुखांनी दुर्गाबाईंशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. साक्षीदारांमध्ये पंतप्रधान नेहरूंची सही होती.

दुर्गाबाई मूळच्या आंध्रच्या. जन्म १५ जुलै १९०९, राजमहेंद्री. आठव्या वर्षी लग्न लावून दिलं होतं. कळत्या वयात त्यांनी ते लग्न नाकारलं. इंग्रजी माध्यमाच्या सक्तीविरोधात त्यांनी लहानपणीच शाळा सोडली होती. मिठाच्या सत्याग्रहात उडी घेतली, तुरुंगात गेल्या.

तुरुंगात त्यांना अनेक बायका भेटल्या ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बाहेर आल्यावर त्यांनी स्वतःचं शिक्षण पुन्हा सुरू केलं. शाळा केव्हाच सुटली होती आणि वय निघून गेलं होतं. त्यांनी घरी अभ्यास करून बनारस हिंदू विद्यापीठाची मॅट्रिक दिली. घर मद्रास इलाख्यात आणि परीक्षा बनारसची! मग आंध्र विद्यापीठात राज्यशास्त्र शिकल्या आणि १९४२ मध्ये मद्रासहून वकिलीची परीक्षा पास झाल्या. पुढे त्या संविधान सभेच्या सदस्य झाल्या, नियोजन आयोगाच्या सदस्य झाल्या.

पण त्या एकट्याच पुढे गेल्या नाहीत. १९३७ साली त्यांनी मद्रासमध्ये आंध्र महिला सभा सुरू केली. शाळा सुटलेल्या बायका-मुलींना त्याच बनारसच्या मॅट्रिकसाठी तयार करायचं, हे तिथलं सुरुवातीचं एक मोठं काम होतं. म्हणजे परीक्षा बाहेरूनच द्यायची, पण शिकवायला कुणीतरी असायचं.

१९५३ मध्ये त्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. १९५८ मध्ये मंडळाने प्रौढ महिलांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम आणले. शाळा अर्धवट सुटलेल्या बाईने साधारण दोन वर्षांत तयारी करून परीक्षा द्यायची आणि शिक्षिका, परिचारिका, ग्रामसेविका अशा कामांना लागायचं. त्याच काळात मुलींच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या राष्ट्रीय समितीच्या अध्यक्षपदीही त्याच होत्या.

म्हणजे एकाच घरात एक जण वेळेवर, पहिल्या नंबराने शिकलेला आणि दुसरी वेळ टळून गेल्यावर, बाहेरून शिकलेली. आणि दोघंही आता देशाच्या शिक्षणाचं काम करत होते.

कॉलेजं कमी, मुलं जास्त

१९५६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला, म्हणजे यूजीसीला, संसदेच्या कायद्याने अधिकृत दर्जा मिळाला. या वैधानिक आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले देशमुख. १९६१ पर्यंत ते तिथे होते.

कामाचं स्वरूप ऐकायला रुक्ष वाटतं. विद्यापीठांना पैसे वाटायचे आणि दर्जा सांभाळायचा. पण त्या काळात या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात उभ्या होत्या.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात वीसच्या आसपास विद्यापीठं होती. १९६१ पर्यंत ती चाळिशीच्या पुढे गेली. तरीही पुरत नव्हती. घराघरांतली पहिली पिढी मॅट्रिक पास होत होती आणि कॉलेजच्या दारात उभी राहत होती. जागा वाढवल्या तर वर्गात दाटी होऊन दर्जा घसरणार. जागा वाढवल्या नाहीत तर गरीब पोरं बाहेर राहणार. आणि प्रत्येक तालुक्याला इमारत, प्रयोगशाळा, प्राध्यापक द्यायला सरकारकडे पैसे नव्हते.

दिल्लीत हा प्रश्न सगळ्यात टोकाला गेला होता. १९४१ मध्ये दिल्लीची लोकसंख्या होती ९ लाखांच्या आसपास. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले आणि १९५१ मध्ये ती १७ लाखांवर गेली. १९६१ मध्ये २६ लाखांच्या पुढे. घरदार सोडून आलेली तरुण मुलं दिवसा मिळेल ती नोकरी करायची. त्यांना डिग्री हवी होती, पण दिवसाच्या कॉलेजात बसणं परवडत नव्हतं.

तिसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या तयारीत सरकारने दोन उपायांवर विचार सुरू केला. एक, संध्याकाळची कॉलेजं. दुसरा, पत्राने शिक्षण. पत्राने शिक्षणाची योजना बनवायला समिती नेमली गेली. अध्यक्ष होते भौतिकशास्त्रज्ञ डॉ. दौलतसिंग कोठारी. १९६१ मध्ये यूजीसीचं अध्यक्षपद देशमुखांकडून गेलं ते याच कोठारींकडे.

जगात ही कल्पना जुनी होती. लंडन विद्यापीठाने १८५८ पासूनच कुठूनही परीक्षेला बसायची सोय केली होती. नेल्सन मंडेला बी.ए. झाले ते दक्षिण आफ्रिकेच्या विद्यापीठातून, पत्राने शिकून. पण भारतात विद्यापीठाने स्वतः पत्राने शिकवलं, असं तोवर झालेलं नव्हतं.

प्रयोग आधी एकाच ठिकाणी करून बघायचा ठरला. निवड झाली दिल्ली विद्यापीठाची. आणि १९६२ मध्ये त्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले सी. डी. देशमुख.

पोस्टाने येणारा प्रोफेसर

त्याच वर्षी दिल्ली विद्यापीठात पत्रद्वारा अभ्यासक्रमांची शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीत हजाराच्या आसपास विद्यार्थी होते. सुरुवात फक्त बी.ए. पासकोर्सने.

ते चालायचं कसं?

विद्यापीठाचे शिक्षक धडे लिहायचे. ते छापून ठरलेल्या दिवसांनी पोस्टाने विद्यार्थ्याच्या पत्त्यावर जायचे. धड्यासोबत प्रश्न असायचे. विद्यार्थ्याने उत्तरं लिहून पोस्टानेच परत पाठवायची, शिक्षकांनी ती तपासून, शेरे मारून पुन्हा विद्यार्थ्याकडे धाडायची. सुट्टीच्या दिवसांत काही काळ प्रत्यक्ष वर्ग भरायचे. आज ज्याला आपण संपर्क सत्र म्हणतो, तेच हे. शेवटी परीक्षा मात्र विद्यापीठाचीच आणि डिग्रीही विद्यापीठाचीच.

इथे खासगी परीक्षार्थीची गोष्ट आठवा. तिथे विद्यापीठ फक्त परीक्षा घ्यायचं. इथे पहिल्यांदा विद्यापीठाने कबूल केलं, की समोर बाकावर न बसणारा मुलगाही आमचा विद्यार्थी आहे आणि त्याला शिकवायची जबाबदारी आमची आहे. टपालाचा खर्च, धडे लिहिणारे शिक्षक, तपासणीची यंत्रणा हे सगळं विद्यापीठाने उभं करायचं. विद्यार्थी घरीच होता, पण विद्यापीठाच्या हजेरीपटावर आला होता.

आता याचं श्रेय एकट्या देशमुखांना देणं बरोबर नाही. योजना कोठारी समितीची, पैसा आणि धोरण केंद्र सरकारचं, धडे लिहिण्याची मेहनत तिथल्या शिक्षकांची. पण देशमुखांचं वजन वेगळ्या कारणाने मोलाचं होतं. जुन्या वळणाच्या प्राध्यापकांना पत्राने डिग्री ही कल्पना पचणं सोपं नव्हतं. कॉलेजात न येता डिग्री दिली तर डिग्रीची किंमत राहील का, ही शंका तेव्हाही होती. अशा वेळी विद्यापीठाच्या प्रमुखपदी असा माणूस होता, ज्याने पाच वर्षं देशभरातल्या विद्यापीठांचा दर्जा राखायचं काम केलं होतं. दर्जाची काळजी नसलेला माणूस, असा आरोप त्यांच्यावर कुणी करू शकलं नसतं.

१९६७ पर्यंत देशमुख कुलगुरू होते. तोवर प्रयोग टिकला होता.

दिल्लीतून देशभर

दरम्यान देशाच्या सगळ्या शिक्षणाचा आढावा घ्यायला आयोग नेमला गेला. १९६४ ते १९६६ चा कोठारी आयोग. अध्यक्ष तेच दौलतसिंग कोठारी. त्यांच्यासमोर आता दिल्लीचं चालू उदाहरण होतं. आयोगाने शिफारस केली, की १९८६ पर्यंत उच्च शिक्षण घेणाऱ्यांपैकी किमान एक तृतीयांश विद्यार्थी पत्रद्वारा आणि अर्धवेळ शिक्षणातून यावेत.

मग एकेक विद्यापीठ पुढे आलं. १९६८ मध्ये पतियाळाचं पंजाबी विद्यापीठ, १९६९ मध्ये म्हैसूर. महाराष्ट्रात मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम संचालनालय सुरू केलं. बँकेत, रेल्वेत, मंत्रालयात काम करून बी.कॉम. झालेली मुंबईची एक अख्खी पिढी इथूनच बाहेर पडली.

पण या पद्धतीची एक अडचण होती. पत्रद्वारा विभाग हा मोठ्या विद्यापीठाचा एक कोपरा असायचा. अभ्यासक्रम, नियम, वेळापत्रक सगळं कॉलेजच्या मुलांसाठी बनलेलं आणि तेच पोस्टाने पाठवलेलं. मध्येच दोन वर्षं खंड पडलेल्या माणसाला, बारावी न झालेल्या बाईला तिथे जागा नव्हती. त्यासाठी फक्त याच लोकांकरता वेगळं विद्यापीठ हवं होतं. ब्रिटनमध्ये १९६९ मध्ये मुक्त विद्यापीठ सुरू झालं आणि भारतातही त्याची चर्चा वाढली.

भारतातलं पहिलं मुक्त विद्यापीठ उभं राहिलं हैदराबादमध्ये, २६ ऑगस्ट १९८२ ला. आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ, जे आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाने ओळखलं जातं. त्याचे पहिले कुलगुरू प्रा. जी. राम रेड्डी पुढे इग्नूचेही पहिले कुलगुरू झाले आणि नंतर यूजीसीचे अध्यक्षही.

इग्नू १९८५ साली आलं. आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. मराठीतून लिहिलेली पुस्तकं, राज्यभर अभ्यास केंद्रं आणि बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा मार्ग. त्यामुळे शेतकरी, गृहिणी, कामगार असा वर्ग पहिल्यांदाच विद्यापीठाच्या यादीत मोठ्या संख्येने दिसू लागला. नागपुरात आज इग्नू आणि चव्हाण मुक्त विद्यापीठ या दोघांचीही विभागीय केंद्रं आहेत. एकेकाळी कलकत्ता आणि अलाहाबादच्या डिग्रीची वाट बघणाऱ्या शहरातून आता विदर्भातल्या खेड्यांपर्यंत पुस्तकं जातात.

शेवटची वर्षं

कुलगुरूपद सोडल्यावर १९६९ मध्ये देशमुख राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाने पाठिंबा दिला होता. व्ही. व्ही. गिरी जिंकले, देशमुख तिसरे आले. पहिल्या नंबरची सवय असलेल्या माणसाच्या वाट्याला आलेला हा तिसरा नंबर.

संस्कृतची आवड शेवटपर्यंत टिकली. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठी अनुवाद केला. त्यातला रामगिरी म्हणजे आपलं नागपूरजवळचं रामटेक, असं अनेक अभ्यासक मानतात. १९५९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. १९७५ मध्ये चिंतामणराव आणि दुर्गाबाई या दोघांनाही पद्मविभूषण जाहीर झालं. दुर्गाबाई ९ मे १९८१ ला गेल्या.

चिंतामणरावांचं निधन २ ऑक्टोबर १९८२ ला हैदराबादमध्ये झालं. त्याच शहरात जेमतेम पाच आठवड्यांपूर्वी देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ सुरू झालं होतं.

मग ती डिग्री कमी आहे का?

दूरशिक्षणाचं सगळंच चांगलं झालं असं नाही. पुढे काही संस्थांनी याला पैसे कमावण्याचं दुकान केलं. फी घ्यायची, धडे वेळेवर द्यायचे नाहीत, उत्तरं तपासायची नाहीत. काही अभिमत विद्यापीठांनी तर परवानगी नसताना पत्राने इंजिनिअरिंगच्या पदव्या वाटल्या. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना दणका दिला आणि हजारो विद्यार्थ्यांच्या पदव्या टांगणीला लागल्या. बाहेरून केलेल्या डिग्रीकडे संशयाने बघायची सवय लागली, त्यात अशा प्रकारांचाही वाटा आहे.

गंमत म्हणजे जिथे घोळ झाला, तिथे तो पत्राने शिकवल्यामुळे झाला नाही. तो शिकवणं सोडून फक्त फी आणि परीक्षा घेतल्यामुळे झाला. म्हणजे १९६२ मध्ये विद्यापीठाने जी जबाबदारी अंगावर घेतली होती, तीच या संस्थांनी झटकली.

कायद्याचं म्हणाल, तर सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने पुन्हा एकदा स्पष्ट केलंय, की मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणातली किंवा ऑनलाइन पदवी ही रेग्युलर पदवीच्या बरोबरीची आहे. फक्त प्रवेश घेण्याआधी एक काम करा. ज्या वर्षी प्रवेश घेताय, त्या वर्षासाठी तो अभ्यासक्रम यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत आहे का, ते यूजीसीच्या वेबसाइटवर तपासा. विद्यापीठाचं नाव मोठं आहे म्हणून अभ्यासक्रमालाही मान्यता असेलच असं नसतं.

आज दिल्ली विद्यापीठाच्या त्याच पत्रद्वारा शाळेला स्कूल ऑफ ओपन लर्निंग म्हणतात. हजारभर विद्यार्थ्यांनी सुरू झालेल्या त्या शाळेतली संख्या आता लाखांच्या घरात गेलीय. पाकिटात येणारे धडे मोबाइलवर येतात. विद्यार्थी मात्र बदललेला नाही. तो अजूनही दिवसा काम करतो आणि रात्री अभ्यास करतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी नाक मुरडून विचारलं, की डिग्री बाहेरून केली का, तर त्याला दुर्गाबाईंची मॅट्रिक सांगा. आणि आयसीएसला पहिल्या आलेल्या माणसाने पत्राने शिकवणाऱ्या विद्यापीठाचा कारभार पाच वर्षं चालवला, हेही सांगा.